दाजींचं राहून गेलेलं गाऱ्हाणं

माझ्या औषधाच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्या दिवशी दाजी परब हातात नारळ घेऊन दारात उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आमचं गाव मालवणहून तारकर्लीकडे जाताना मध्ये माडांत लागतं. तिथे देवळातलं असो की घरचं, गाऱ्हाणं सांगायचा मान परबांचा. नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दाजींच्या तोंडून हे सुरू झालं की थांबत नसे, म्हणून ते गप्प राहिले तेव्हा मी धास्तावले. मी जात्याच काळजीखोर. मला वाटलं, मुहूर्तात काही खोट निघाली.

"बाय, जरा पंचायत झाली हा," दाजी हळूच म्हणाले. "धंद्याक बरकत दी म्हणान सांगलंय, तर गाव आजारी पडूक व्हयो. गाव बरो रवांदे म्हणान सांगलंय, तर तुझा दुकान बंद."

मग त्यांनी घसा खाकरला आणि देवळाच्या दिशेने तोंड केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गावात कोण आजारी पडूचो नाय, ह्या तू बघ. पण जो पडतलोच, तेका मालवणाक धावडवू नको. तेका हयसरच औषद गावांदे, आणि एका बाटलीत बरो कर."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. माझ्या बाबांना तेवढं 'एका बाटलीत' काही पटलं नाही.

दाजी उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट नेहमी एक बटण चुकवून घातलेला. अंगात ताकद म्हणाल तर सगळी आवाजात. त्यांची एक खोड होती. कोणाचंही गाऱ्हाणं सांगायचं तर ते आधी पोलिसासारखी चौकशी करत. मुलगा मुंबईला नोकरी शोधतोय? मुंबईत खंय? कोणत्या स्टेशनाकडे? चाळ काय बिल्डिंग, मजलो कितवो? मग देवासमोर तो पत्ता जसाच्या तसा, खोलीच्या नंबरासकट. मी एकदा चिडवलं, "दाजी, देव काय पोस्टमन आसा?" ते अजिबात हसले नाहीत. "देवाक सगळा म्हायत आसता गो. पण तेच्याकडे गर्दी किती! आपण पत्तो बरोबर सांगूक व्हयो." दुखण्याचंही तेच. नुसतं 'पोटात दुखता' त्यांना चालत नसे. डावीकडे की उजवीकडे, जेवणाआधी की नंतर, हे सगळं विचारून घेत. डॉक्टरला सांगायला लोक लाजायचे ते दाजींना सांगायचे, आणि दाजी ते भर सभेत देवाला सांगायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते स्वतःचं गाऱ्हाणं कधी सांगत नसत. कधीच नाही. "सांगणारो आपला सांगूक लागलो की लोकांचा रवान जाता," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरचं काही असलं तर दुसऱ्या कोणीतरी सांगायचं, आणि दुसऱ्या कोणाला ते सांगता येत नसे. त्यामुळे परबांच्या घरचं बहुतेक राहूनच जाई.

हे सगळं मजेत चाललं होतं, तोवर दाजी एकदा दुकानात आले आणि रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली मागू लागले. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो म्हणाले. मी त्यांच्या नखांकडे बघितलं. सोललेल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी. आधीची एक बाटली मालवणहून आणून संपवलीही होती.

"दाजी, शौचाक काळा होता?"

"होता. टॉनिकान होता मा तसा? बाटलेर लिवलेला आसा."

तसं होतं खरंच, लोहाच्या औषधाने होतं. तरी खात्री करायला मी विचारलं, "टॉनिक घेवच्या आदीपासून होता, काय मागसून?"

दाजी लोकांना प्रश्न विचारणारे. त्यांना कोणी असा बारकाईने प्रश्न विचारलेला नव्हता. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "आदीपासून गो."

त्या दिवशी मी त्यांना बाटली दिली नाही. जांभळासारखं काळं शौच म्हणजे आत कुठेतरी रक्त वाहतंय, एवढं मला कळत होतं. पुढचं कळत नव्हतं म्हणून भीती जास्त.

कुडाळच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. जठराच्या आतून एक उंचवटा दिसत होता, वरून गुळगुळीत, मध्ये खड्डा पडलेला. त्याचा एक कण चिमट्याने काढून तपासायला पाठवला. त्या दिवसांत रोज सकाळी दुकान उघडताना काकी, म्हणजे दाजींच्या पत्नी, येऊन समोर उभ्या राहायच्या. काही विचारायच्या नाहीत. मी 'अजून नाही' अशी मान हलवायची, त्या परत जायच्या. दाजींचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या कोणत्याच बाईने नवऱ्याचं घेतलं नव्हतं. त्यामुळे रिपोर्टवर छापलेलं ते नाव वाचायलाही त्या मलाच सांगत. रिपोर्ट आला, त्यात वाईट काही नाही. काकींनी गणपतीला नारळ ठेवला. मी दुकानात पेढे वाटायच्या बेतात होते.

पण डॉक्टर काही खूश नव्हते. ते दाजींना म्हणाले, "ही गाठ आतल्या अस्तराखाली आहे. माझा चिमटा वरच्या सालीलाच लागला. सालीत काही नाही म्हणजे फणस चांगला, असं मी म्हणणार नाही. गोव्याला जा." असं स्वच्छ सांगणारा डॉक्टर भेटला हे दाजींचं नशीब. पण तेव्हा मला त्यांचा राग आला होता. एवढा चांगला रिपोर्ट आला होता!

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला, दुर्बिणीतूनच सुई घालून गाठीच्या पोटातला तुकडा काढला आणि जठराच्या भिंतीतल्या त्या कर्करोगाला नाव मिळालं. नाव कळल्यावर दाजी खचले नाहीत. उलट पत्ता सापडल्यासारखे ताठ झाले. दुकानात येऊन खोकल्याच्या गोळ्यांच्या स्टँडपुढे उभे राहून ते घोकायला लागले, "गॅस्ट्रो इन्टेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. गॅस्ट्रो इन्टेस्टायनल..." गिऱ्हाइकं बघत राहायची. डॉक्टर त्याला थोडक्यात 'जिस्ट' म्हणतात हे मी सांगितलं, तर म्हणाले, "ता टोपणनाव झाला. देवाक टोपणनाव सांगूचा नसता."

"पण दाजी, तुमी तर आपला सांगणत नाय. मगे पाठ कित्याक करतास?"

"कोणी सांगूक उभो रवलो तर तेका शिकवूक नको?"

कोणी उभं राहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला तर? आणि दाजी रोज सकाळी अंगणात दात घासता घासता ते नाव म्हणत राहिले.

गोव्याला न्यायचं काम इब्राहिमने केलं. मालवणच्या बाजारात त्याचं सुक्या मासळीचं दुकान, आणि एक जुनी जीप. दाजी दरवर्षी जत्रेत त्याच्या जीपचंही गाऱ्हाणं सांगत, गाडीचा नंबर घेऊन. ऑपरेशनला जठराचा एक भाग गाठीसकट काढला. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ फुटली नाही, सगळी निघाली. पण ती मोठी होती आणि तिच्या पेशी भराभर वाढत होत्या, त्यामुळे परत येण्याचा धोका जास्त. तो कमी करायला एक गोळी आहे. ती या गाठीवर चालेल की नाही हे गाठीचा तुकडा मुंबईला पाठवून कळणार होतं. तो तुकडा मेणात बसवून एका लहान डबीत घालून त्यांनी दाजींच्याच हातात दिला. बाकी लोक गोव्याहून काय काय घेऊन येतात, दाजी हे घेऊन निघाले.

इन्सुलीच्या नाक्यावर जीप अडवली. गोव्याकडून येणारी गाडी म्हटल्यावर पोलीस दारूच शोधणार. दाजी मागे पोटाला उशी लावून बसलेले, मांडीवर ती डबी दोन्ही हातांनी धरलेली. पोलिसाला तेवढ्यावरूनच संशय आला.

"काय आहे त्यात?"

"माझो रोग आसा," दाजी म्हणाले.

"मस्करी नको. उघडा."

दाजींनी उघडली. पोलिसाने मेणाचा तो चौकोन बघितला, कागद वाचला आणि दोन पावलं मागे सरकला. दाजींना त्याची दया आली असावी. "घाबरू नको रे. मेणात पुरलेलो आसा. तुझा गाव खंयचा?" इब्राहिम सांगायचा, पुढची पंधरा-वीस मिनिटं मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि तो पोलीस जीपच्या खिडकीत वाकून आपल्या आईच्या गुडघेदुखीचा पत्ता दाजींना सांगत होता.

मुंबईचा रिपोर्ट येईपर्यंत मला झोप लागत नसे. या गाठींमध्ये एक बिघाड असा असतो की गोळी नेमकी त्यावरच लागू पडते, आणि काही गाठींत नसतो. एवढं वाचून ठेवलं होतं, म्हणजे अर्धवट. काकी पुन्हा रोज सकाळी येऊन उभ्या राहायला लागल्या. रिपोर्ट आला. गोळी चालणार होती. त्या दिवशी मात्र मी गिऱ्हाइकांसमोरच रडले.

गोळी रोज एक, भरपेट जेवून, वर मोठा पेलाभर पाणी पिऊन. तीन वर्षं. रिकाम्या पोटी घेतली तर ओकारी. पाकिटं माझ्याच दुकानात यायची. दाजींच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि सकाळी डोळ्यांच्या पापण्या अशा सुजायच्या की माणूस रात्रभर रडलाय असं वाटावं. पोरं हसायची. दाजी म्हणायचे, "गोळी कामार लागली हा, तेची खूण." हळूहळू मलाही त्या सुजेची सवय झाली. सूज बघितली की मला बरं वाटायचं.

वर्ष होत आलं तेव्हा स्कॅन स्वच्छ आला. काकींनी नवस केला होता, स्कॅन स्वच्छ आला तर देवळात केळीचा घड. घड गेला. नवस फेडताना तो देवाला सांगावा लागतो, आणि सांगणारे दाजीच. स्वतःचं नाव न घेता त्यांनी सांगितलं, "परबांच्या घरातल्या माणसान केल्लो नवस, तो पावलो म्हाराजा. दुखणा गेला. मागणा फिटला." आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. केळी गोड होती.

त्यानंतर दाजी सुधारले. म्हणजे असे सुधारले की गाव बघत राहिला. चेहरा उजळला, पोटऱ्यांतले गोळे गेले, देवगडला मुलीकडे जाऊन आंब्याच्या बागेत फिरून आले. जो तो म्हणे, दाजी किती बरे दिसतात. मीही तेच म्हणत होते. एका सकाळी ते पाकीट न्यायला आले, काउंटरवर कोपर टेकवून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांवर ऊन पडलं. पापण्यांवर सूज नव्हती. जराही नव्हती.

मी पाकीट दिलं आणि दुपारी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेले. काकींना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी देव्हाऱ्याच्या खालचं दार उघडलं. आत पाकिटं एकावर एक नीट रचलेली, एकही फोडलेलं नाही. काकींनाही ती तेव्हाच दिसली. त्या एकेक पाकीट बाहेर काढून मोजू लागल्या.

दाजी ओसरीवर होते. चोरी पकडल्यासारखे अजिबात दिसले नाहीत.

"बाय, माझ्याच तोंडान देवाक सांगलंय, दुखणा गेला. सगळ्या गावान व्हय म्हटला. आता घराक येवन त्याच दुखण्याची गोळी खाल्लंय, तर मी देवासमोर खोटो झालंय. मगे लोकांचा सांगूक खंयच्या तोंडान उभो रवतलंय?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगून बघितलं. डोळ्यांना दिसणार नाहीत अशा पेशी उरलेल्या असू शकतात, स्कॅनला त्या सापडत नाहीत, गोळी त्यांना दाबून धरते. दाजी ऐकत होते, मान डोलावत होते. त्यांना ते पटत होतं आणि तरी काही उपयोग नव्हता. मला एवढी चीड आली की मी म्हटलं, मग पाकिटं तरी कशाला नेता? ते म्हणाले, "तू येवढी मागवतंस, तुझा मन कित्याक मोडू?"

काकी आतून आल्या. हातात पेजेचं ताट होतं. त्या मोठ्याने बोलणाऱ्या नव्हेतच. ताट त्यांच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "आपल्या वाडीत मागल्या वर्षाक चोर इल्लो?"

"नाय."

"तेच्या आदी?"

"नाय. कदी इल्लो नाय."

"मगे राखणदाराक वर्सावर्साक नारळ कित्याक दितास?"

आमच्याकडे प्रत्येक वाडीला राखणदार असतो. माडाच्या बुंध्याशी एक दगड. त्याला दरवर्षी राखण द्यायची, चोर येवो न येवो. दाजींनी आयुष्यभर साऱ्या गावाच्या राखणी दिल्या होत्या.

"नवस माझो होतो," काकी म्हणाल्या. "तो फिटलो. गोळी म्हंजे नवस न्हय, ती राखण. चोर इलो नाय म्हणान राखण बंद करतास?"

दाजींनी पेज ओढली. उकड्या तांदळाची, वर मीठ. सगळी जेवले. मग पाण्याचा तांब्या मागितला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाकीट फोड गो." मी ते फोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

मधला काळ किती गेला ते डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके आले होते. गोळी न सोडता आले असते की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता तीन वर्षांचा हिशेब संपला, गोळी चालेल तोवर चालवायची. ठिपके वाढायचे थांबले. पापण्या पुन्हा सुजल्या. दर स्कॅनच्या आधीचे दिवस काकी आणि मी कशा काढायचो ते आम्हालाच ठाऊक. दाजी मात्र लोकांचे पत्ते घेत फिरत असायचे. अशी काही वर्षं मिळाली. चांगली मिळाली.

मग ती गोळी त्या रोगाला पुरेनाशी झाली. डॉक्टरांनी दुसरी दिली. ती कडक होती. दाजींच्या तळहातांची आणि तळपायांची सालं निघू लागली, तोंड आलं, जेवलेलं पोटात ठरेना. गोळी घेतली की अर्ध्या तासात सगळं बाहेर, गोळीसकट. ती परत घ्यायची की नाही हे विचारायला काकी धावत दुकानात यायच्या आणि मी डॉक्टरांना फोन लावायची.

त्या वर्षीच्या जत्रेला दाजींनी गाऱ्हाणं सांगितलं. ते त्यांचं शेवटचं. पुढच्या जत्रेला दाजी नव्हते. दुपार कलली होती, देवळासमोर सगळा गाव जमलेला, बायका डाव्या हाताला तुळशीकडे. दाजींना नारळ धरवेना, म्हणून इब्राहिमने खालून हात लावला होता. आवाज अर्धा राहिला होता, पण एकही पत्ता चुकला नाही. मुंबईच्या खोल्या, दुबईचे कॅम्प, इन्सुलीच्या पोलिसाच्या आईचे गुडघे, जीपचा नंबर. मी मनात प्रत्येक नावासरशी म्हणत होते, आता म्हणा, आता स्वतःचं म्हणा. सगळ्यांचं संपलं. दाजींनी नारळ कपाळाला लावला.

"आणि ह्येंचा?"

आवाज बायकांकडून आला. काकी एक पाऊल पुढे आल्या होत्या. डोक्यावरचा पदर हाताने धरलेला. "म्हाराजा, ह्येनी सगळ्यांचा सांगल्यानी. ह्येंचा कोण सांगतलो?"

बाईने तिथे बोलायची रीत नव्हती. पण त्यांना कोणी अडवलं नाही. दाजी वळले. मला वाटलं, रागावतील. ते काकींना एखाद्या नवख्याला सांगावं तसं हळू म्हणाले, "ह्येंचा म्हंजे कोणाचा? देवाक कळाक नको? नाव सांग. पत्तो सांग."

काकींनी डोळे मिटले. "दत्ताराम विष्णू परब," त्या म्हणाल्या. "रवणार हयच, देवळामागच्या वाडीत, बावडेकडला घर. दुखणा, गॅस्ट्रो इन्टेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर." एकदाही अडखळल्या नाहीत. इतकी वर्षं अंगणातून ऐकलेलं सगळं पाठ होतं. "तेका बरो कर म्हणान मागणा नाय म्हाराजा. खाल्लेली गोळी तेच्या पोटात रवांदे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. मीही म्हटलं, इब्राहिमनेही म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झालं, गलका शांत झाला, आणि मग सगळ्यांच्या नंतर एकटेच, फाटक्या आवाजात, जन्मात पहिल्यांदा, दाजी म्हणाले, "व्हय म्हाराजा."